बुडीतपुऱ्याचे बैल

वाशिम, ४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. इंद्रभानमामा यांस,
निकिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं अर्धं बोलणं तुमच्या कानांपर्यंत पोचत नाही आणि उरलेलं तुम्ही सोयीनं सोडून देता, म्हणून पत्र. चिडून लिहिते आहे, आधीच सांगते.

धरणात गाव गेलेली माणसं नव्या जागी कशी राहतात, गावानं त्यांना आपलंसं केलं का, याची आमची संस्था पाहणी करते हे तुम्हाला माहीत आहे. परवा धामणदरीला आले तेव्हा पहिलं उत्तर तुमच्याच ओट्यावर घेतलं. तुम्ही छाती फुगवून म्हणालात, की धरणातून उठून आलेले बुडीतपुऱ्याचे लोक गावात दुधात साखर मिसळावी तसे मिसळलेत, पोळ्याला त्यांचे बैल नि आपले बैल एकाच तोरणाखाली उभे राहतात. मामी आत भजी तळत होत्या. मी भजी खाल्ली, चहा प्याले आणि वस्तीत गेले.

तिथे रुपाबाई भेटली. तोरणाचं विचारलं तर हसत सुटली. अकरा वर्षं झाली, म्हणाली, गावाकडून निरोप येते का पाच वाजता बैल आना, अन् चारलेच तोरन तुटून पोळा फुटून जाते. तिचे बैल पोचतात तेव्हा तोरणाची पानं तेवढी धुळीत पडलेली असतात. तिनं पेटीतून आरसे लावलेल्या झुली काढून दाखवल्या. स्वतः शिवलेल्या. त्या घालून तिची जोडी अजून एकदाही तोरणाखाली उभी राहिलेली नाही. मामा, शिसारी आली मला. इतक्या वर्षांत कोणी त्यांना नको असं तोंडावर म्हटलं नाही, फक्त वेळ चुकीची सांगत राहिलात!

तोरण तोडायचा मान तुमचा आहे. यंदा ते बैल येईपर्यंत हात आवरा, एवढंच मागते. लोभ असावा असं लिहायची रीत आहे, पण आज पेन पुढे सरकत नाही.

तुमची भाची,
निकिता

---

धामणदरी, ९ ऑगस्ट २०२५

चि. निकितास,
इंद्रभानमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे मिरचीची धुरी. माझीच भजी खाऊन माझ्यावरच गुरकावतेस, तुझी आईही लहानपणी अशीच होती. शिकलीसवरली पोर तू, एका बाजूचं ऐकून निवाडा करतेस होय?

अगं, ते लोक राहतात ते आमचं गायरान होतं. सरकारनं एका सहीनं त्यांना देऊन टाकलं आणि आमची ढोरं बांधावर आली. त्यांची राहणी वेगळी, देव वेगळे. गाव म्हणजे काय धर्मशाळा आहे? तरी आम्ही त्यांचं दळण दळून देतो, कामावर बोलावतो. मिसळणं म्हणजे अजून काय असतं?

पण फाट्यावर आदर्श गावाचा बोर्ड लागला आहे. तुझ्या अहवालात भलतंसलतं आलं तर तालुक्यात तोंड काळं होईल. म्हणून मी चार लोकांना बसवून समजावलं. यंदा बुडीतपुऱ्याला खरी वेळ सांगू. मात्र तूही ती मिसळल्याची ओळ नीट लिही. मामी सांडगे पाठवते आहे, मेडशीच्या गाडीनं येतील. रागात खाऊ नकोस, बाधतील.

तुझा,
इंद्रभानमामा

---

धामणदरी, २३ ऑगस्ट २०२५

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

घे, झालं तुझ्या मनासारखं! काल त्यांचे बैल तोरणाखाली उभे होते, अगदी पुढे. त्या बाईच्या झुली उन्हात लकलक करत होत्या. शेजारच्या हरीओमनं फोटो काढला आहे, सोबत पाठवतो. सगळे बैल नीट दिसतात. तो अहवालाला जोड आणि तुझ्या साहेबांना सांग, की धामणदरीसारखं गाव जिल्ह्यात नाही. आता तरी तोंड गोड कर आणि मामावरचा लोभ पुन्हा सुरू कर.

तुझा,
इंद्रभानमामा

---

धामणदरी, २६ ऑगस्ट २०२५

चि. निकितास,
कस्तुरामामीचा आशीर्वाद.

फोन केला असता, पण बोलताना रडू आलं असतं, आणि मला रडायचं नाही. मामांनी फोटो पाठवला ना? फोटो खरा आहे. त्याच्या पुढचं मी सांगते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी आपण बैलांना म्हणतो, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. म्हणून पोळा फुटला की बैल दारोदार येतात, घरची बाई पायांवर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळी भरवते. रुपाबाईचे बैलही निघाले. दावं तिच्या मुलाच्या हातात, आणि रीत नसताना ती स्वतः मागून चालत होती, पहिल्यांदाच मान मिळाला म्हणून. आमच्या आळीत ते शिरले आणि एकेक दार लागत गेलं. आधीच ठरलं होतं म्हणे. तोरण द्यायचं, उंबरठा नाही.

मी ताट घेऊन उठले तर आपल्याही दाराला बाहेरून कडी. घुंगरं ऐकू आली नाहीत, असं तुझे मामा म्हणतात. कडी मात्र त्यांनीच लावली होती. मला किळस आली गं, ज्या माणसाला इतकी वर्षं वाढलं त्याची. मी मागल्या दारानं ताट घेऊन धावले. रुपाबाईनं हात जोडले. म्हणाली, बाई, तुमचा राग नाही, पन बैलाले समोरचंच दार समजते. आणि जोडी वळवून निघून गेली. ताट हातातच राहिलं. ती पोळी मी कोणाला दिली नाही, मामांनाही नाही.

दाराची कडी मी उपसून काढली आहे. कुत्रं शिरतं म्हणून मामा ओरडतात. ओरडू देत.

आता तुझ्या कामाचं. त्या दिवशी तू ओट्यावर विचारलंस, ते लोक गावात मिसळले का. उत्तर घरच्या पुरुषाचं घेतलंस आणि गेलीस. मी आतच होते, कढईसमोर. मला कोणी विचारलं नाही. म्हणून आता लिही, माझ्या नावानं लिही. कस्तुराबाई, राहणार धामणदरी. उत्तर, नाही.

माझा लोभ आहेच. दिवाळीला ये, समोरच्या दारानं ये.

तुझी,
कस्तुरामामी