सौ.चा वाढदिवस, उलटा

२ मे, सकाळी १०.४०
सर्क्युलर आलं. वाचनालयाच्या सर्व कर्मचाऱ्यांनी 'निरंतर व्यावसायिक शिक्षण' घ्यायचं. आधी तीस श्रेयांक ऑनलाइन, मग वीस जूनला लेखी परीक्षा. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, तीस जूनला रिटायर होतायत. त्यांची खुर्ची सेवाज्येष्ठतेने मिळणार नाही, परीक्षेच्या मार्कांवर मिळणार. उमेदवार दोन. मी, सव्वीस वर्षं काउंटरवर. आणि टकटक, सहा वर्षं कॉम्प्युटरवर. (हे नाव मी तिला मनातल्या मनात दिलंय. दिवसभर की-बोर्ड वाजत असतो.)

म्हणजे उमेदवार एकच.

खुर्ची खिडकीजवळ आहे. बाई डबा खायला गेल्यावर बसून पाहिलं. जरा टणक. माप घेतलं, अठरा बाय अठरा.

३ मे
सौ.ला सांगितलं, ग्रंथपाल झाल्यातच जमा आहे, खुर्चीसाठी उशी शिवायला घे. ती म्हणाली, आधी परीक्षा तरी द्या. म्हटलं, परीक्षा ही फॉर्मॅलिटी. त्यावर 'बाजारात तुरी' असं काहीतरी पुटपुटली. दुर्लक्ष केलं.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाच ते सात अभ्यास.

४ मे, सकाळी ८.१५
गजर सौ.ने बंद केला असणार. ती म्हणते, तुम्हीच हात लांब करून बंद केलात. झोपलेल्या माणसाने काय पुरावा द्यायचा?
संकल्पात दुरुस्ती: सहा ते सात.

६ मे
ऑनलाइन कोर्स सुरू. पहिला विषय 'वाचकांशी संवाद'. सव्वीस वर्षं वाचकांना 'बोलू नका' सांगतोय, आता मला संवाद शिकवणार. व्हिडिओचा आवाज बंद करून लावून ठेवला आणि काउंटरचं काम उरकलं. एकच अडचण. दर सात मिनिटांनी स्क्रीनवर प्रश्न येतो, आपण तिथे आहात का? 'मी इथे आहे' हे बटण वेळेत दाबलं नाही तर सगळं पहिल्यापासून. आज तीनदा पहिल्यापासून झालं.

८ मे
उपाय सापडला. एक रिटायर्ड पोस्टमास्तर रोज दहा ते एक पेपर वाचायला येतात. एक पेपर वाचतात, दुसऱ्यावर कोपर ठेवतात, कोणाला देत नाहीत. त्यांना माझ्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. प्रश्न आला की बटण दाबायचं, बस. जन्मभर शिक्के मारलेला माणूस, एकदाही चुकला नाही. शिवाय दोन्ही पेपर मोकळे झाले. यालाच मॅनेजमेंट म्हणतात.

११ मे, दुपारी ३
महत्त्वाची नोंद.
परीक्षेतलं सगळं एकाच पुस्तकातून येतं. 'ग्रंथालय मार्गदर्शक', लाल पुठ्ठा, वाचनालयात एकच प्रत. संदर्भ विभागातलं, त्यामुळे घरी नेता येत नाही. हा नियम इतकी वर्षं मीच कडक पाळला, आता मोडू कसा? टकटक सकाळपासून दोनदा त्या कपाटाकडे बघताना दिसली.

पुस्तक लपवलं असं म्हणणार नाही. सुरक्षित स्थळी हलवलं. आमच्याकडे प्रत्येक विषयाला तीन आकडी नंबर असतो आणि त्या नंबराची फळी असते. मी आधी नंबर ठरवला, मग मागच्या खोलीत जाऊन ती फळी शोधली. तिथला दिवा गेलाय. विषय कुठला ते दिसलंही नाही, मोबाइलच्या उजेडात नुसता नंबर बघितला, पुस्तक मागच्या रांगेत सरकवलं आणि शिंका देत बाहेर आलो. पहिल्या पानावर खुणेची चिठ्ठी ठेवलीय, 'उद्यापासून'.

'चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक' ही पाटी वाचनालयात मीच लावलीय, चौदा वर्षांपूर्वी, लॅमिनेट करून. तेव्हा पुस्तक हरवावं कसं हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

नंबर इथे लिहीत नाही. ही वही काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असते; भिंतींना कान असतात आणि टकटकला डोळे. फक्त खूण लिहितो: सौ.चा वाढदिवस, तारीख आणि महिना, उलटा. खात्रीसाठी तारीख मोबाइलमध्ये बघून घेतली होती. दरवर्षी तो सकाळी वाजतो आणि मी लगेच शुभेच्छा देतो. विसरणं शक्यच नाही असा आकडा.

१४ मे
पुस्तक सुरक्षित आहे म्हणजे अर्धा अभ्यास झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी पाच आठवडे. घाई नाही.

१९ मे
टाइमटेबल केलं, चार रंगांत. हिरवं पेन संपलं म्हणून बाजारात गेलो. परत येईपर्यंत मूड गेला.

२२ मे
टकटक काउंटरवर आली. म्हणाली, सर, ते मार्गदर्शक… तुम्ही जिथे… म्हणजे मी बघितलं तर तुम्हाला चालेल ना? मी शांतपणे सांगितलं की ज्याने त्याने आपापलं बघावं. ती थँक यू सर म्हणाली. टोमणा असणार. बिचारी पुस्तक शोधून थकली. जरा वाईट वाटलं, पण खुर्ची एकच आहे.

२८ मे
दोन घटना. एक, मोबाइल बादलीत पडला. गेला. मुलीने तिचा जुना दिला, त्यात माझं काहीच नाही. दोन, 'वाचकांशी संवाद'मध्ये मला विशेष प्रावीण्य. सर्टिफिकेट प्रिंट करून मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, काय शिकलात? तेवढ्यात पोस्टमास्तर मधे पडले आणि म्हणाले, वाचकाचा प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा आणि उत्तर देताना त्याच्या डोळ्यांत बघावं. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.
पोस्टमास्तर हल्ली मलाही सुधारतात. आज एका वाचकाला मी 'तिकडे बघा' म्हटलं तर मागून म्हणाले, तिकडे म्हणजे कुठे ते चालत जाऊन दाखवायचं असतं, पाठ चौथा.

३ जून
उशी तयार. सौ.ने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या निळ्या कापडाची शिवलीय. मी म्हटलं, रंग जरा गडद चालला असता.
कशातच मन लागत नाही. पेन्सिलींना टोक केलं, बारा. मग त्या लांबीप्रमाणे लावल्या. पाणी प्यायलो. खिडकीपाशी जाऊन आलो. परत पाणी. जेवताना सौ. काहीतरी सांगत होती. शेवटी तिने विचारलं, तुम्ही इथे आहात का? सवयीने बटण शोधलं.

९ जून, सायंकाळी ५
अकरा दिवस राहिले. अभ्यासाला हीच खरी वेळ, आधी वाचलेलं विसरायला होतं. पुस्तक काढायला उठलो आणि नंबर आठवेना. वही उघडली. सौ.चा वाढदिवस. जून. जून नक्की. वीसच्या पुढे. मोबाइल बादलीत.
सौ.ला विचारणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. मुलीला विचारलं, आईचा वाढदिवस कधी गं? ती म्हणाली, तेवीस जून, बाबा, तुम्हाला माहीत नाही? म्हटलं, तुझी टेस्ट घेतली.
तेवीस-सहा. दोन, तीन, सहा. उलटं, सहाशे बत्तीस. माहीतच होतं.

१० जून
सहाशे बत्तीस, पिकांवरील रोग. सगळी फळी उतरवली. पुढची रांग, मागची रांग. लाल पुठ्ठा नाही. मावा आहे, तुडतुडे आहेत, करपा आहे. मार्गदर्शक नाही.
मागच्या खोलीत कोणीतरी नवा दिवा लावलाय. एक स्टूलही आणून ठेवलंय, दाराजवळच्या कपाटासमोर. नडगीला लागलं. ऑफिसच्या वस्तू अशा वाटेत ठेवतात का?

१२ जून
सहाशे एकतीस ते सहाशे एकोणचाळीस पाहिले. नाही. चोरी. दुसरं काय?
मोठ्या बाईंना तक्रार लिहायला घेतली: 'मी लपवलेले पुस्तक कोणीतरी…' मग 'लपवलेले' खोडून 'हलवलेले' केलं. मग कागदच फाडला.

१५ जून
खोलीत चार हजार पुस्तकं. रोज सातशे बघितली तर सहा दिवस. पाच राहिलेत. शिवाय टकटक दुपारी डबा खाऊन इकडेच येते. आज तिने विचारलं, सर, काही शोधताय का? म्हटलं, दिवा बघतोय. ती म्हणाली, छान पडतो ना उजेड? मी निघून आलो.

१८ जून
भूक नाही. आज पहिल्यांदा मनात आलं, नापास झालो तर? निवृत्तीला चार वर्षं. चार वर्षं टकटकला मॅडम म्हणायचं, रजेचा अर्ज तिच्यापुढे धरायचा. हा विचार लिहून ठेवतोय, म्हणजे डोक्यातून जाईल.
गेला नाही.

२० जून
परीक्षा झाली. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. मी अनुभवाने उत्तरं दिली. अनुभव बऱ्याच ठिकाणी पर्यायांत नव्हता.
प्रश्न सदुसष्ट: चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक शोधण्याची योग्य पद्धत कोणती? बराच वेळ प्रश्नाकडे बघत बसलो. पर्याय 'ड' होता, 'शोधत बसू नये'. त्यावरच खूण केली.
टकटक अर्धा तास आधी पेपर देऊन बाहेर. सोडून दिला असणार.

२२ जून
सौ.चं काय बिनसलंय कळत नाही. सकाळी नवे कपडे घालून दोनदा चहा घेऊन आली, दोन्ही वेळा उगाच उभी राहिली. दुपारी ऑफिसात फोन, सहज केला म्हणे. संध्याकाळी विचारलं, काही म्हणायचंय का तुम्हाला? म्हटलं, पेपर तसा बरा गेला. आत गेली. 
उद्या तिला सरप्राइज. मुलीने केकची ऑर्डर दिलीय. तारीख एकदा डोक्यात बसली की बसली.

२३ जून
सकाळी केक पुढे ठेवला, वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हटलं. सौ. खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. मग हसायला लागली. म्हणाली, एकवीस वर्षं तुम्ही मला बावीसलाच शुभेच्छा देताय. पहिल्या वर्षी सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणालात. दुसऱ्या वर्षीही सांगितलं. मग नाद सोडला. म्हटलं, माणूस आठवण ठेवतोय ना, तारीख गेली खड्ड्यात. आमचं काय, बावीसलाच नटून बसायचं. काल तुम्ही काहीच बोलला नाहीत, वाटलं, आता तेवढंही संपलं.
तिच्या हातात सुरी होती, मुलगी टाळ्या वाजवायच्या तयारीत.
मी म्हणालो, बावीस?
बावीस-सहा. दोन, दोन, सहा. उलटं, सहाशे बावीस.
चपला उलट्या घालून पळालो. मागून मुलीची हाक आली, बाबा, केक.

सकाळी १०.१०, वाचनालय
सहाशे बावीस, खाणकाम. दाराजवळचं कपाट, स्टुलासमोर. मागच्या रांगेत, लाल पुठ्ठा. पहिल्या पानावर माझी चिठ्ठी, 'उद्यापासून', होती तशी. तिच्या पुढे टकटकच्या अक्षरातल्या पिवळ्या चिठ्ठ्या, पान बारापासून तीनशे बारापर्यंत. सदुसष्टाव्या प्रश्नाचं उत्तर पान चाळीसवर आहे. रोज एक फळी क्रमाने तपासावी.
घरी गेलो तेव्हा केक कापून झाला होता. माझा तुकडा झाकून ठेवलेला. सौ. बाहेर गेली होती. मुलगी म्हणाली, आई म्हणाली, त्यांना उगीच विचारू नकोस, कुठे होतात म्हणून.

२५ जून
निकाल. टकटक एक्क्याण्णव. मी अडतीस.
मोठ्या बाईंनी चहा ठेवला होता. टकटकला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती म्हणाली, कोर्समध्ये रोज एक फळी तपासायला सांगितली होती, मी मागच्या खोलीपासून सुरुवात केली, तिसऱ्या दिवशी मार्गदर्शक सापडलं. आत सरांच्या अक्षरातली चिठ्ठी. कळलं की सरांनी अभ्यासासाठी शांत जागा निवडलीय. मी त्यांची परवानगी घेतली, दिवा लावला, सरांना उभं राहून वाचायला लागू नये म्हणून स्टूल ठेवलं. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास वाचायचे आणि होतं तिथेच परत ठेवायचे, सरांची जागा चुकायला नको म्हणून. याचं सगळं श्रेय सरांचं.
पोस्टमास्तरांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मी तिच्या डोळ्यांत बघून अभिनंदन केलं. पाठ पहिला. तिच्या डोळ्यांत टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

बाईंनी तिला खुर्चीत बसवून पाहिलं, तिलाही टणक लागली. काउंटरखाली आणून ठेवलेल्या उशीचं मी काही बोललो नाही. संध्याकाळी ती घरी नेली आणि स्वयंपाकघरात सौ. भाजी निवडायला बसते त्या स्टुलावर ठेवली. स्टुलाला जरा मोठी होते. सौ.ने बघितलं, आणि बसली.

मुलीच्या जुन्या मोबाइलमध्ये नवी नोंद केली, दोनदा तपासली. इथेही लिहून ठेवतो, खूण वगैरे काही नाही.
सौ.चा वाढदिवस: २३ जून. सरळ.