एक रिंग म्हणजे पोहोचलो

७ फेब्रुवारी, शनिवार

विमानाची चाकं टेकली आणि साडूने हात पुढे केला. "फोन द्या. सगळ्यांचे!" मी दिला. धाकटीने, म्हणजे माझ्या मेहुणीनेही दिला. एरवी नवऱ्याला ती बोटावर नाचवते, पण फोनच्या खात्याचे मंत्री साडूच. त्याने सगळ्यांचं नेट बंद केलं. मग चालू करून पाहिलं, बंद होतं का ते. "चुकून एक फोटो जरी गेला ना परदेशातल्या रोमिंगवरून, तर घर विकून बिल भरावं लागेल."

त्याची योजना अशी — इथलं स्थानिक सिम एकच घ्यायचं, त्याच्या फोनात. त्याच्या हॉटस्पॉटवर आम्ही सगळ्यांनी जगायचं. आपापली जुनी सिमं नुसत्या मिस्ड कॉलपुरती जिवंत ठेवायची. एक रिंग म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे जेवायला या. तीन म्हणजे अडकलो. "आणि उचलायचा नाही! उचललात की मीटर पडलं."

त्याने निघण्यापूर्वी मिस्ड कॉलसाठी चार सिमांवर रोमिंग चालू करून घेतलं होतं. आम्ही तर तिघेच. "चौथं कशाला?" विचारलं, तर म्हणाला, "राखीव." साडू आणि राखीव! प्रवासात पाण्याची बाटलीसुद्धा तिघांत एक घेणारा माणूस. धाकटी खिडकीबाहेर बघत होती.

एक रिंग म्हणजे पोहोचलो, हे साडूने मला शिकवावं! लग्न झालं तेव्हा आमच्याकडे फोनच नव्हता. मी कामाच्या गावाहून शेजाऱ्यांना एक रिंग द्यायचो आणि शेजारी जिन्यातून ओरडायचे — "पोहोचले हो!" पुढे मोबाइल आले तरी रिंग चालूच राहिली. हिच्याकडून दोन आल्या की येताना काहीतरी आणायचं. काय ते रिंगमध्ये सांगता येत नाही. मी साबण नेला की हवा असायचा चहा.

खोली छान आहे. सगळी लाकडाची. मधली भिंत म्हणजे नुसती फळी, पलीकडे साडू आणि धाकटी. बूट काढून पलंगावर बसलो आणि अंगठ्याने सवयीने हिचा नंबर लावला. कळलं तेव्हा रिंग गेलेली होती. एक. कापला.

रिंग गेली, म्हणजे फोन चालू आहे. धाकटीने त्यातले फोटो काढून घ्यायला म्हणून नेला होता. तिच्या घरी चार्जिंगला लावलेला राहिला असेल. राहू दे.

भिंतीतला गरम पाण्याचा पाइप मधेच घुर्रर्र करतो. घरमालकिणीला सांगायला हवं.

८ फेब्रुवारी, रविवार

बर्फावर उभं राहणं हे काम नव्हे, शिक्षा आहे!

पायांत स्कीइंगच्या लांब पट्ट्या, आणि बूट असे की घोट्याला प्लास्टर घातल्यासारखं. शिकवणारी मुलगी लाल जाकिटातली, वय आमच्या भाच्याएवढं. तिची भाषा आम्हाला येत नाही, आमची तिला नाही. गुडघे वाकवा म्हणून ती स्वतः वाकते. साडूला वाटलं नमस्कार करते आहे. त्यानेही वाकून नमस्कार केला आणि तसाच घसरत कुंपणाला जाऊन थडकला. शिकवणारी टाळ्या वाजवायला लागली — गुडघे अगदी बरोबर वाकले होते.

मी नऊ-दहा वेळा पडलो. मजा आली. हे लिहिताना जरा बिचकलो, पण आली.

धाकटी मात्र पहिल्याच तासापासून अशी घसरते, जणू मागच्या जन्मी पेंग्विन होती. हिलाही आलं असतं. या दोघी बहिणी लहानपणी गावातल्या शाळेच्या जिन्याचा कठडा घसरून गुळगुळीत करायच्या, असं ही सांगायची. बर्फ बघायचा हट्ट हिचाच. दर हिवाळ्यात "पुढच्या वर्षी" म्हणायचो मी. आता धाकटीने काही विचारलंच नाही. तिकीट हातात ठेवलं. "भाऊजी, गरम मोजे तेवढे घ्या."

संध्याकाळी परतलो. एक रिंग दिली. पाइप घुरघुरला.

९ फेब्रुवारी, सोमवार

सगळं अंग दुखतंय. शिंकलो तरी दुखतं.

एक रिंग.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ब्रेडला लोणी लावता लावता साडू सहज म्हणाला, "साडूभाऊ, परत गेलो की तो नंबर बंद करून टाकू. रिचार्ज फुकट जातो. नियमच आहे माझा, वापरात नसलेलं सिम ठेवायचं नाही."

कुठला नंबर, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. धाकटीने टेबलाखालून त्याला लाथ मारली असावी, कारण लोणी बाहीला लागलं. मी "हं" म्हणालो आणि चहा प्यायलो.

मग आठवलं. हिच्या नंबरची मुदत शुक्रवारी संपते. दर वेळी मीच भरतो. या वेळी निघायच्या गडबडीत राहून गेलं! भरला नाही तर रिंग जाणार नाही. मग थोड्या दिवसांनी नंबर काढून घेतात आणि दुसऱ्या कुणाला तरी देतात. कुणी अनोळखी माणूस उचलणार आणि विचारणार, कोण बोलतंय? मी काय सांगणार?

साडूला सांगायची सोय नाही. त्याचं मत त्याने लोण्यासकट सांगून टाकलं आहे. घरी भाच्याला सांगावं तर तो पाच मिनिटांत आईला कळवणार, म्हणजे धाकटीला. तिला आणखी रडवायचं नाही. माझं मीच करीन. दहा मिनिटांचं नेट मिळालं की झालं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज हसून हसून मेलो असतो, जर इतका चिडलो नसतो तर.

उताराच्या माथ्यावर उभे होतो. साडूला म्हटलं, "दहा मिनिटं तुमचं नेट द्या."

"कशाला?"

"काम आहे."

"कसलं?"

"आहे."

त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग खिशातला फोन चाचपून हॉटस्पॉट चालू केला. "फोटो बघायचे नाहीत. व्हिडिओ तर नावच काढू नका."

हातमोजा दातात धरून बँकेचं अ‍ॅप उघडलं. चक्र फिरतंय... फिरतंय... पासवर्ड टाकला... आणि साडू सरकायला लागला! आधी हळूच. "साडूभाऊ, मी जातोय का?" म्हणाला. जात होता. काठ्या हवेत, तोंड माझ्याकडे, पाठ उताराकडे — आणि त्याच्या खिशात माझं नेट! मी फोन पुढे धरून त्याच्या मागे. आयुष्यात एवढ्या वेगाने मी कशाच्याच मागे गेलो नव्हतो. शिकवणारी ओरडत होती, बहुतेक शाबासकी देत होती. मधे एकदा त्याला गाठलंही. पडद्यावर नेटची एक काडी दिसली. तेवढ्यात साडू झाडाला वळसा घालून डावीकडे आणि मी उजवीकडे.

धाकटी खाली उभी राहून पोट धरून हसत होती. "काय हो, शर्यत लावली होती का?" साडूच्या कॉलरमधून बर्फ काढता काढता तीही खाली बसली.

रिचार्ज झाला नाही.

रात्रीच्या जेवणाला पहिल्यांदाच दोनदा वाढून घेतलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वर तारेवरचा पाळणा संपतो तिथे एक कॉफीचं दुकान आहे. त्यांचं वायफाय फुकट, पासवर्ड बिलावर छापलेला. त्या दोघांना पुढच्या उतारावर पाठवलं, गुडघा दुखतो म्हणालो. (दुखतोच.) कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. नेट काय जोरात! दोन मिनिटांत बँक उघडली. नंबर टाकला. पैसे भरा दाबलं.

"परदेशातून होणारे व्यवहार आपण बंद केले आहेत."

आपण! हे आपण म्हणजे मीच. निघताना साडूने बजावलं होतं — "सुरक्षेसाठी सगळं बंद करून ठेवा." मी आज्ञाधारक. चालू करायचं तर बँकेत जाऊन सही करावी लागते. जन्मभर वजनकाटे तपासायचं काम केलं, कुठे केसभर फरक राहू दिला नाही, आणि इथे स्वतःच्याच हाताने कुलूप लावून किल्ली आत ठेवली.

कॉफी मात्र उत्तम होती. खिडकीतून दिसत होतं — धाकटी सरळ रेघेसारखी खाली चाललेली, साडू तिच्यामागे नागमोडी, मधूनच गडप. मग दोघं एका जागी थांबून बराच वेळ बोलत उभे. साडू हात हलवून काही सांगत होता. ती मान डोलवत होती. मोठं काहीतरी ठरत होतं. खर्चाचंच असणार.

संध्याकाळी एक रिंग. उद्याचं सांगता येत नाही. पाइप घुरघुरला. घरमालकिणीला खुणेने पाइपचं सांगितलं, तर ती म्हणाली, तुमच्या भिंतीत पाइपच नाही. निदान तिच्या खुणेचा अर्थ मी तरी असाच लावला. चुकलं असेल माझं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज न पडता वरून खालपर्यंत आलो! एकदाही नाही! शिकवणारीने पाठीवर थाप मारली, साडूने फोटो काढला — आणि लगेच पाठवला, स्वतःच्या नेटवर! "असू द्या हो साडूभाऊ, रोज रोज काय होतंय."

वर पाळण्यात आम्ही दोघेच होतो तेव्हा त्याला सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलंही. म्हटलं, "आज हिच्या नंबरची..." तर तो एकदम घाईने म्हणाला, "खाली बघू नका, चक्कर येईल," आणि वाऱ्याची दिशा वगैरे काहीतरी सांगत बसला. ज्याचा त्याचा नियम.

मग खाली आलो, धुकं उतरलं, ती दोघं आणखी एक फेरी मारून येतो म्हणाली. मी एकटा पायी घरी आलो. ओले बूट खाली वाळत ठेवले, खोलीत येऊन पलंगावर बसलो. दिवेलागण झाली. मघाशी ती दोघंही आली, जिना वाजला.

फोन हातात आहे. लावणार नाही. मुदत आज संपली असणार. ती बाई सांगेल — हा क्रमांक सध्या सेवेत नाही. कालची रिंग शेवटची म्हणून राहू दे. ती चांगली गेली होती.

न पडता आलो, हे कुणाला तरी सांगायचं होतं, एवढंच.

शुक्रवार, जेवणाआधी

पलीकडे कुजबुज. साडूची कुजबुज म्हणजे गावभर ऐकू येते. "बूट तर खाली आहेत त्यांचे. मग आज रिंग का नाही?" धाकटी म्हणाली, "रिचार्ज नक्की झालाय ना?" — "परवाच केला! वर्षभराचा!"

मग माझा फोन वाजला. पडद्यावर हिचं नाव.

फळीपलीकडून — "एकच! कट कर, कट कर!"

कट झाला.

मी इकडून एक दिली. पाइप घुरघुरला. पोहोचलो.