पहिल्या छर्ऱ्याचा वेग

४ ऑक्टोबर
परत जखमीच. तीस पावलांवर ससा, मागे मातीचा उंचवटा, वारा नाही, गुडघा टेकून नेम — आणि छर्रा जबडा फोडून गेला. ससा किंचाळत बिळात शिरला. खांद्यापर्यंत हात घालून तासभर चाचपलं.

कुरणाच्या मालकीण मिसेस थ्वेट फाटकाशी उभ्या होत्या. "ससे कुरण खातात म्हणून तुम्हाला येऊ दिलं, हाल करायला नाही. आणखी एक असा दिसला तर येऊ नका."

महिन्यातला तिसरा. चूक कुणाची, एअर रायफलची की हाताची? बाबांचा हात अठ्ठावन्नाव्या वर्षी कापायला लागला. मला सत्तावन्न सरत आलंय.

५ ऑक्टोबर
परसात वेग मोजायचं यंत्र मांडलं. ओळीने दहा छर्रे. सेकंदाला ५७० फूट, ५७२, ५६९ — सगळे सारखे. म्हणजे रायफल चोख आहे. बायकोने, ओलिव्हने, मटणाचा पाय भाजला होता. मी ताट तसंच सरकवलं.

८ ऑक्टोबर
बंदूकवाल्या हॅडनकडे गेलो. हसलाच मला. "ओळीने दहा कशाला मोजतोस, शहाण्या? ससा काय दहा संधी देतो? दिवसभर पडू दे तिला. मग पहिला मोज, फक्त पहिला." रायफल ठेवून आलो.

९ ऑक्टोबर
पहिला छर्रा ६०४! दुसरा ५७१. आतली झडप गळते. रायफल पडून राहिली की हवेचा दाब चढतो आणि पहिला छर्रा वर जातो. "या वेगाला वेगळा परवाना लागतो. पोलिसांनी पकडलं असतं तर आत बसला असतास," हॅडन म्हणाला. मला कसली पोलिसांची भीती! हात ठीक आहे माझा. गाडीत बसून रडलो, खुळ्यासारखा.

१५ ऑक्टोबर
नवी झडप. चार दिवस रोज सकाळी एकच छर्रा मोजला. ५७०. ५७०. ५७१. ५७०.

१६ ऑक्टोबर
मिसेस थ्वेटच्या रानात गेलो. वारा नाही. एकच ससा, एकच छर्रा. मागच्या पायाला लागला. वेग चुकला तर छर्रा वर-खाली जातो. हा वीतभर डावीकडे गेला.

त्यांनीच सशाची मान मोडली. फाटक लावून घेतलं.

१७ ऑक्टोबर
ओलिव्हला सगळं सांगितलं. तिने चहा पुढे ठेवला, अर्धाच कप. म्हटलं, भर की पूर्ण. "ऑगस्टपासून अर्धाच देतेय, तुझ्या हातून सांडू नये म्हणून," ती म्हणाली.