दातांवरची मिश्री

मु. नाणेकरवाडी, ता. खेड
बुधवार, १२ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. मंजुळा हिला गवराआत्याचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळी धडधाकट आहोत. आमच्या गेनबाचा, तुझ्या बापाचा, गुडघा थंडीनं धरला होता, तो आता सुटलाय. कांदा काढायला आलाय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. पिंपरीच्या खोलीत नळ घरातच आहे हे तुझ्या पत्रातलं वाचून दाखवलं, तर गेनबानं दोनदा विचारलं, "घरात? म्हंजी आत?" ज्योतीरामरावांना आमचा नमस्कार सांग.

तुझ्या पत्राचं उत्तर पंधरा दिवस राहिलं. कांद्याचं निमित्त सांगणार होते, पण ते खरं नव्हे.

तू लिहिलंस की फोटो काढायला गेलात तेव्हा जावई म्हणाले, "तोंड मिटून बस, दात दिसतात." तेव्हापासून कारखान्याच्या वसाहतीतल्या बायकांत तू पदर तोंडाला लावून हसतेस. पुण्याचा डॉक्टर साठ रुपयांत दात पांढरे करून देतो, म्हणून आईची पुतळ्यांची माळ मोडायला मागितलीस. माळ तुझ्या आईनं तुझ्यासाठी माझ्याकडे ठेवायला दिलेली, माझी नव्हे. तरी माझा हात काही ट्रंकेकडे जाईना.

म्हणून सोमवारी एस.टी.नं पुण्याला जाऊन त्याच डॉक्टरला भेटून आले. पोरगेलाच आहे. त्याची खुर्ची अशी की बसलं की माणूस मागंच जातो. मी "अगं आई गं" म्हणून ओरडले, तर बाहेर बसलेली माणसं हसली. मी तोंड उघडलं.

"आजी, किती वर्षं मिश्री लावता?"

"लग्न झाल्यापासून. चाळीस धरा."

"हे दात आहेत का चुलीतली लाकडं?"

"लाकडं असती तर दोन विकून तुमची फी दिली असती, बाबा."

हसला, मग नीट बोलायला लागला. मी म्हटलं, "माझ्या दातांचं राहू द्या, माझ्या भाचीचं सांगा. बावीस वर्षांची आहे."

तो म्हणाला, "मिश्रीचा काळा थर खरवडून निघतो. एका बैठकीचं काम, आठ रुपये. साठ रुपयांत वर औषध लावून, दिव्यानं शेकून पांढरे करतो. पण आजी, खरं सांगू? मिश्री सुटली नाही तर वर्षभरात पुन्हा तेच. आणि सुटली, तर आठ रुपयांतच बरंचसं काम होतं. आधी तेवढं करा, मग बघा." आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मग त्यानं विचारलं, "तिला मिश्री लागली कितव्या वर्षी?"

मंजुळे, तिथं मी खोटं बोलले. म्हटलं, "मैत्रिणींचं बघून लागली असेल."

तू पत्रात लिहिलंयस, "माझीच खोड, कुणाला बोल लावू?" ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला. ती खोड तुझी नव्हे. तुझी आई गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. सारखी रडायचीस. एकदा दाढ दुखते म्हणून रडलीस, तेव्हा मी चिमूटभर मिश्री, म्हणजे भाजलेली तंबाखूच, तुझ्या हिरडीवर दाबली. तुला घेरी आली, गप झालीस आणि झोपलीस. दाढ चार दिवसांत दुखायची राहिली. मिश्री मी थांबवली नाही. रानात जायच्या आधी रोज लावायची, म्हणजे दिवसभर तू आईचं नाव काढायची नाहीस. कामं होती हे खरंच. पण तुझं रडणं माझ्यानं ऐकवत नव्हतं, हे त्याहून खरं. गावात सगळ्याच बाया लावतात, त्यामुळे कुणी विचारलं नाही. गेनबाला अजून माहीत नाही.

हे जावयांना वाचून दाखव. माझी लाज धरू नकोस.

आता माझं म्हणणं. आठ रुपयांचं काम करून घे, ते पैसे मी देते. साठाचं सध्या राहू दे. मी सोमवारपासून मिश्रीला हात लावला नाही. डोकं ठणकतं, भाकऱ्या करपतात. गेनबा म्हणतो, "आज गवरीला कुणी चावलंया का काय!" तुझंही असंच होईल. झालं की मला लिही, आपण दोघी मिळून कुरकुर करू.

पण हे माझं म्हणणं झालं. माळ तुझी आहे. रविवारी गेनबा घेऊन येईल. ठेव नाहीतर मोड, मी विचारणार नाही.

वाचून राग आला तर येऊ दे. आईच्या आठवणीनं रडू आलं तर रड. आठव्या वर्षी तुला रडू दिलं नाही. आता मी अडवायला येणार नाही.

तुझी अपराधी, तरी तुझीच,
गवराआत्या