संगजिऱ्याची हंडी धुऊ नये

मी, शेख मोहिउद्दीन शेख करीम, वय एकाहत्तर, पूर्वी पुरातत्त्वाच्या प्रयोगशाळेत दगड कापणारा कारागीर, राहणार घाटंजी, हे माझ्या हातानं, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे असं लिहून ठेवतो. गुडघे गेले, नाक आम्लाच्या वाफांनी केव्हाच गेलं. डोकं जागेवर आहे.

१. घर शरीयतप्रमाणे मुलगा अरसलान आणि मुलगी तमन्ना यांना जावं. भांडू नये. एरवीही दोघं ईदखेरीज इथं येत नाहीत.

२. छिन्न्या, हातोड्या आणि काचपट्ट्यांची पेटी गावच्या शाळेला. प्रत्येक पट्टीवर दगडाचा इतका पातळ काप आहे की त्यातून उजेड जातो. दगड कुठल्या खाणीतला, ते त्यावरून ओळखतात. सोबत आमच्या खोदकामाचा अहवाल द्यावा. त्यात जीपच्या ड्रायव्हरचेसुद्धा आभार आहेत, माझे नाहीत. हे मी माफ केलेलं नाही.

कारण मात्र मला ठाऊक आहे. पांढरीच्या, जुन्या वस्तीच्या टेकाडात संगजिऱ्याची, म्हणजे नखानं ओरखडा उठेल अशा मऊ दगडाची, हंडी निघाली. आत काळी खरपुडी होती. खोदकामाच्या प्रमुख बाई खूश होतील म्हणून मी ती राखेनं लख्ख घासली. बाई हंडी घेऊन खालीच बसल्या. "मोहिउद्दीन, दोन हजार वर्षांपूर्वीचं जेवण धुतलंत हो तुम्ही!" शिजलेल्याचा अंश भांड्यात राहतो, मासळीचा वेगळा आणि डाळीचा वेगळा ओळखता येतो, हे मला तेव्हा कळलं. पुढे डाळ, मासळी वेगवेगळी शिजवून पाहायच्या चाचणीसाठी मी तशाच नव्या हंड्या कोरल्या. एक जास्तीची कोरली, माझ्या बायकोसाठी, आयशाबीसाठी.

३. ती हंडी. आयशाबीनं त्यात अठरा वर्षं फक्त वरण शिजवलं. ती मासळी खात नसे. माझ्यापुरती अंगणात, जर्मनच्या पातेल्यात करायची. मला एकदा दगडी हंडीतली खायची होती. "या दगडाले मच्छीचा वास लागला तं थो जाते काय? मी नाई करत," ती म्हणायची. सहा वर्षांपूर्वी त्यावरूनच आमचं वाजलं. आणलेली मासळी ओट्यावर आपटून मी आर्णीला बहिणीकडे निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी ती गेल्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा घरात लोबानाचा धूर होता आणि बायांनी सगळं आवरलं होतं. हंडी तेवढी रिकामी करून, न घासता, कोपऱ्यात ठेवलेली. आत काय होतं, मी शेजारच्या तानाबाईंना विचारलं. "मयताच्या घरी हंडीत काय होतं थे कोन पाह्यते, भाऊ?" त्यांचंही बरोबर आहे.

अरसलान आला की म्हणतो, "अब्बा, थे काळं भांडं काहून ठेवलं? घासून तं टाका." त्यानं माझ्या मागे ती घासू नये. शरीयतप्रमाणे मालमत्तेतला जो तिसरा हिस्सा माझ्या मर्जीनं देता येतो, त्यातून ती मी डॉ. संघदीप वानखडे यांना देतो. दगड कापायला ते माझ्याकडे शिकले, आता भांड्यांतले असे अंश तपासतात. त्यांनी ती तपासावी. मी विचारलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं त्यांनी. मला भीती वाटते. तिनं त्या दिवशी हंडीत माझ्यासाठी मासळीच शिजवली होती, असं धरून मी रोज एकटा जेवतो.

मला तिच्या शेजारी पुरावं. मासळी निघाली, तर संघदीपनं तिथं येऊन मोठ्यानं सांगावं. नुसतं वरण निघालं, तर नोंदीत "भांडं आधीच धुतलेलं होतं" असं लिहावं. तो आरोप माझ्यावर जुनाच आहे.

घाटंजी, दि. १९ जानेवारी २०२५
(सही) शेख मोहिउद्दीन शेख करीम

साक्षीदार: किसनराव गावंडे, सदाशिवराव ठमके
आमच्यासमोर सही केली. हंडी पाहिली. हात लावू दिला नाही.