तंजावरच्या जाणकारांची प्रकृती

अण्णा, मुदतीचा अर्ज कसा लिहावा हे तुम्ही मला शिकवलंत. त्याच विद्येत मी कसा अडकलो, हे मात्र तुम्हाला कधी कळलं नाही, म्हणून आज लिहितो आहे.

तुमची ती शिकवण मी अजूनही माझ्या हाताखालच्या नव्या वकिलांना मोठ्या हौसेनं समजावतो. प्रतिवादीला कैफियत वेळेत देता येत नसेल, तर अर्जात तीन गोष्टी हव्यात: काय राहिलं, का राहिलं आणि किती दिवसांत होईल. सोबत शपथपत्र. न्यायाधीश दिवस देतो, तो तिसऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवून. शिवाय तुमची ताकीद असे, "तेच कारण दुसऱ्यांदा लिहू नकोस. कोर्टाला शिळं चालत नाही."

पन्नास सालानंतरचे दिवस आहेत. कुंभकोणमच्या मुन्सफ कोर्टात एका वृद्ध विधवेनं दिरावर दावा लावला आहे, आणि दीर आपला पक्षकार. नवरा गेल्यावर दिरानं तिच्या खोलीला कुलूप घातलं. ती तिरुवलंचुळीला भाच्याच्या पडवीत राहते आहे. तिचा सगळा आधार म्हणजे सासऱ्यानं लिहून ठेवलेला मोडीतला कागद, आणि आपल्या कचेरीत मोडी मला एकट्यालाच येते. कोर्टाच्या परवानगीनं तो आपण वाचायला आणला; तो वाचल्याखेरीज उत्तर देता येत नाही, म्हणून पंधरा दिवस मागितले. ती मुदत प्रामाणिक होती. चौथ्या दिवशी माझं भाषांतर पुरं झालं. मागची खोली आणि विहिरीचं पाणी, सुनेला हयातभर. शंकेला जागाच नव्हती.

ते घेऊन मी तुमच्या ओसरीवर आलो, तेव्हा दीर समोर बसून कॉफी पीत होता. तुम्ही म्हणालात, "काय रे मोडीपंडिता, अक्षरं अजून भांडताहेत का तुझ्याशी? होऊ दे सावकाश." दीर हसला. मीही हसलो; तुम्हाला वेळच काढायचा आहे असं मी धरलं, आणि भाषांतर खिशातच राहिलं.

दुसऱ्या अर्जाला नवं कारण हवं होतं. मी लिहिलं की शाई फिकी असल्यामुळे कागद तंजावरच्या एका वृद्ध जाणकारांकडे दिला आहे. "चांगलं केलंस," तुम्ही म्हणालात, "जुन्या माणसाला विचारलेलं बरं." शपथपत्रावर सही माझी होती. असे जाणकार कुणी नव्हतेच.

कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हातारीनं मला गाठलं. "बाळ, अकरा ओळींचा तर कागद. मामंजींनी माझ्यादेखत लिहिलेला. किती ओळी राहिल्या रे?" मी तिला मुदतीचा नियम सविस्तर समजावू लागलो. ती मध्येच म्हणाली, "नियम कळला मला. भाचेसून पोंगलपर्यंतच ठेवीन म्हणते. तोवर होईल का, तेवढं सांग."

"बघू," मी म्हणालो.

तिसऱ्या तारखेआधी तुम्हीच चिडलात. "पुरे आता! त्या बाईला किती ताटकळवायचं? उद्या पहिल्या बसनं तंजावरला जाऊ. मीही येतो." एका वाक्यात मी सुटलो असतो, पण ते वाक्य म्हणजे खोट्या शपथेची कबुली होती, आणि ती तुमच्यासमोर द्यायची होती. कागद माझ्याच टेबलाच्या खणात होता. मी म्हणालो, "ते आजारी आहेत, अण्णा. कुणाला भेटत नाहीत. आणखी पंधरा दिवस घेऊ." तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि अर्ज पुढे ओढून सही केलीत.

त्या पंधरा दिवसांत पोंगल येऊन गेला. म्हातारीनं तडजोड केली: वर्षाकाठी थोडं भात घ्यायचं आणि खोलीवरचा हक्क सोडायचा. सही करून ती मला म्हणाली, "माझा कागद दे परत. वाचणारा मिळाला तर बघीन."

शेवटच्या दुखण्यात तुम्ही एकदा विचारलंत, "तुझे ते तंजावरचे गृहस्थ आहेत का रे अजून?" मी म्हणालो, "आहेत. आता हिंडतात-फिरतात." तुम्हाला बरं वाटलं.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो. तुम्ही बसचं नाव काढलंत, त्या क्षणी मला भीती वाटली ती फक्त तुमच्या रागाची. म्हातारीचा विचार माझ्या मनात आला, तो ती तडजोडीवर सही करत असताना.