दाता क्रमांक चार

३ नोव्हेंबर, बालाघाट
प्रयोगशाळेतला पहिला दिवस छान गेला. दात्याच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांनी द्रवात सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या गाळून घ्यायच्या, हे माझं काम. एका पेशीचा निरोप या पिशव्या दुसरीकडे नेतात. टोचल्या तिथे झीज भरून येते. घरमालकीण तुळसाबाई म्हणाल्या, माहे गुडघे धड झाले तं तुमच्यासंग फुगडी खेळीन.

६ नोव्हेंबर
रुग्णांना देण्याआधी दाता क्रमांक चारच्या पेशींचा पहिला डोस मी माझ्याच आखडलेल्या उजव्या खांद्यात घेतला. हे नियमात बसत नाही, पण त्याशिवाय मन मानत नाही. या दात्याच्या अर्जात त्याच्या पूर्वायुष्याच्या चौकशीचं पान नव्हतं. चाचण्या निर्दोष आल्या म्हणून मी सही केली. चुकले का?

१२ नोव्हेंबर
खांदा मोकळा झाला. त्याच डोसचे रुग्ण, लामता गावचे दुलीचंद, काठी टाकून धान कापायला गेले.

१७ नोव्हेंबर
दुलीचंदांनी शेतात सख्ख्या भावाची मान विळ्याने तोडली. तीन वार, तेही डाव्या हाताने. त्यांच्या बायकोने रडत सांगितलं, हे तर उजव्या हाताचे. वार करून झाल्यावर दुलीचंदांनी भावाचा गमछा नीट घडी करून त्याच्या छातीवर ठेवला.

१९ नोव्हेंबर
दात्याची चौकशी करायला वारासिवनीला जाऊन आले. चार नंबरचा दाता सुखराम, राइस मिलमधला डावखुरा हमाल. त्याचे शेजारी महागू म्हणाले, बायकोले इळ्यानं तोडलं, लुगडं घडी करून छातीवर ठेवलं अन् फास घेतला. पेशी दिल्या त्याच आठवड्यात. तो मेला. पेशी माझ्या बाटलीत वाढताहेत.

२० नोव्हेंबर
सगळ्या बाटल्या उकळून फेकल्या. खैरलांजीच्या शीलाबाईंनाही तोच डोस होता. फोन केला, उशीर झाला होता. त्यांची सून चुलीपाशी पडलेली, गळा चिरलेला. छातीवर घडी केलेला पदर.
डोस तिघांना दिला. तिसरी मी.
पोलिसांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मैडम, आराम कीजिए।

२१, सकाळ
कपाटातले सगळे कपडे घडी केलेले. मी कधी घडी घालत नाही. पेन डाव्या हातात आहे.
तुळसाबाईंना बाहेरून कडी लावायला सांगितलं. हौ म्हणाल्या, हसल्या, शेतावर गेल्या.

दुपार
हात शांत बसत नाही. उशी फाडली. लिहिताना मात्र थांबतो— म्हणून लिहीत राहते— काहीही—

कडी वाजली. तुळसाबाई. मी उपाशी म्हणून जेवण घेऊन आल्या. टोपलीत भाकर, वर विळा. जा म्हणते— ऐकत नाहीत— लिहिते आहे, लिहिते आहे, तोवर हात रिकामा नाही—
त्या म्हणतात, बाई, थो पेन ठेवा अन् आधी जेवा—
नको, ओढू नका, पेन माझ्या हाता